देवाच्या बोकडाची कलेजी

मी काय करते असं कोणी विचारलं की आई छाती काढून सांगते, "डॉक्टर हाय." समोरच्यानं लगेच आपला दुखरा गुडघा पुढे केला की घाईघाईनं भर घालते, "मानसांची नाय गो, बोकरांची." तेही पूर्ण खरं नाही. बोकडांना बरं करणारे डॉक्टर वेगळे. मी बोकड कापल्यावर बघते. हे कळलं की समोरची बाई गुडघा मागे घेते आणि पावसाचा विषय काढते.

समुद्रकाठच्या एका लहानशा गावच्या कत्तलखान्यात मी मांस तपासते. आमच्याकडचे बरेचसे बोकड दिघीहून फेरीबोटीत बसून आगरदांड्याला उतरतात. टेम्पोच्या फळ्यांमधून तोंडं बाहेर काढून, वारा खात, सहलीला निघाल्यासारखे येतात. त्यांना आधी उभं असताना बघायचं. चाल कशी आहे, नाक वाहतंय का, डोळे तरतरीत आहेत का. मग कापून टांगले की माझं खरं काम सुरू होतं. फुप्फुसं चाचपायची, हृदय उघडून बघायचं, आणि कलेजी दोन्ही हातांत घेऊन अंगठ्यानं इंच इंच दाबत जायचं. साफ कलेजी अंगठ्याखाली लुसलुशीत लागते. मध्येच काही टणक, फुगीर लागलं की मी थांबते. सगळं ठीक असेल तर जांभळा शिक्का मारते. ती शाई माझ्या बोटांवरून कधी पुरती जात नाही. लग्नकार्यात मी त्यावर मेंदी काढून घेते.

अंगठ्याला लागतो तो फोड. पांढुरका, ताठ, आत पाणी भरलेला. कधी वाटाण्याएवढा, कधी लिंबाएवढा. आमचे म्हातारे खाटीक चाचा पहिल्या दिवसापासून माझी थट्टा करत आलेत. "बाई, पाण्याचा फुगा हाय तो. फोडला की खलास. लोक बाटलीतला पाणी इकत घेतात, तुम्ही फुकटचा फेकून देता." मी कलेजी फेकते, चाचा नाक मुरडतात, आणि फाटकावरची कुत्री माझ्यावर गुरगुरतात. मी येण्याआधी असल्या कलेज्या त्यांच्या वाट्याला जायच्या. आता खड्ड्यावर लोखंडी झाकण आहे. ते कुणामुळे आलं, हे कुत्र्यांना पक्कं ठाऊक आहे.

लोकांना वाटतं, असली कलेजी खाल्ली की माणसाला रोग होतो. तसं नाही. ती शिजली की त्यातलं सगळं मरतं. कुणी चुकून खाल्लीच तर शिसारी येईल, एवढंच. घोळ आहे तो कच्च्या कलेजीचा. फोडाच्या आत एका जंताची पिल्लं असतात. कुत्र्यानं तो कच्चा खाल्ला की ती त्याच्या आतड्यात जाऊन मोठी होतात. मोठी म्हणजे तरी किती, तांदळाच्या कणीएवढी. मग त्यांची अंडी कुत्र्याच्या विष्ठेतून बाहेर पडतात. गवतावर, अंगणात, गव्हाणीत, खुद्द त्याच्या केसांवर. बोकड ते गवत खातो आणि त्याच्या कलेजीत फोड धरतो. आणि कुत्र्याला कुरवाळून हात न धुता जेवायला बसलेल्या माणसाच्या पोटातही अगदी तसाच फोड धरतो, आणि वर्षानुवर्षं गुपचूप वाढत राहतो. कुत्र्याला मात्र काहीही होत नाही. तो मजेत शेपूट हलवत फिरतो.

हे मी कॉलेजात शिकले, कत्तलखान्यात रोज बघते, आणि घरी सांगून सांगून थकले.

घर म्हणजे थळच्या अलीकडचं आमचं गाव. एका बाजूला खाजण, म्हणजे भरतीचं पाणी शिरणारी खारी जमीन, दुसऱ्या बाजूला वाड्या. आजोबा मिठागरात राबले, बाबांनी ट्रक घेतला, आता धाकटा भाऊ गाड्या बघतो आणि बाबा कुत्रा बघतात. तो तांबडा, कान मोडलेला कुत्रा बाबांना खाजणाच्या बांधावर सापडला, तेव्हापासून या घरात त्याचा शब्द चालतो. बाबांनी आम्हा भावंडांना कधी जवळ घेतल्याचं मला आठवत नाही. मी कॉलेजात पहिली आले तेव्हा त्यांनी "बरा झाला" म्हणून गाडीचं चाक बदलायला घेतलं होतं. पण कुत्र्याशी ते तासन्‌तास बोलतात. सकाळी ओटीवर बसून अर्धा चहा स्वतः पितात आणि उरलेला त्याच बशीत त्याला देतात. एकदा मी ते बघितलं. जंताच्या गोळ्या आणल्या, हात धुवायचं सांगितलं, बशी तरी वेगळी ठेवा म्हटलं. बाबा म्हणाले, "तुझी डॉक्टरकी खाटकाकरं ठेव." गोळ्या फडताळावर धूळ खात पडल्या.

आमच्याकडे हळदीला देवाचा बोकड कापतात. त्यात आमच्या भावकीची म्हणून एक जादा रीत आहे. कलेजी केळीच्या पानावर घालून आधी देव्हाऱ्यासमोर ठेवायची. मग तिचा एक कच्चा तुकडा वेशीवरच्या राखणदार देवाला जातो आणि दुसरा घराच्या राखणदाराला, म्हणजे कुत्र्याला, त्याच्या धन्यानं स्वतःच्या हातानं भरवायचा. भावकीतल्या कुठल्याही हळदीला बाबांचा कुत्रा पाहुण्यासारखा जायचा आणि बाबांच्या हातून मान घेऊन परत यायचा. लहानपणी मला ही रीत फार आवडायची. देवाबरोबर कुत्र्याची पंगत मांडणारं दुसरं घराणं मी बघितलेलं नव्हतं.

धाकट्या भावाचं लग्न जमेना, तेव्हा बाबांनी देवाला बोकड बोलला. मग बोकड आला, वाढला, पण लग्न काही लवकर जमलं नाही. त्यामुळे बोकड जगला भरपूर. कुत्र्याच्या शेजारी बांधलेला असायचा, त्याच्याच भांड्यातलं पाणी प्यायचा. दोघांचं चांगलं जमायचं. दाढी वाढवून, डोळे अर्धवट मिटून तो अंगणात असा बसायचा की आलेला पाहुणा आधी त्याच्याकडे बघून चप्पल काढायचा.

शेवटी एकदाचं लग्न जमलं. मुलगी पेणच्या बाजूची, चटपटीत, आणि आमच्या भावाला झेपेल त्यापेक्षा हुशार. पण तिचं आधी एक लग्न ठरून मोडलं होतं. ठरल्यावर त्या घरचे आजोबा वारले. आजोबांचं वय बघता त्यांनी तोवर वाट पाहिली हेच खूप झालं, पण त्या लोकांनी खापर मुलीच्या पायगुणावर फोडलं. आमच्या काकांच्या कानावर हे आलं तेव्हा त्यांनीही कपाळाला आठ्या घातल्या. बाबांनी ऐकलं नाही. "पोरगी चांगली हाय," म्हणाले, आणि विषय मिटला. काकांपुरता तो मिटल्यासारखा दिसला, इतकंच.

हळदीच्या आदल्या दिवशी तिचा मला फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाली, "ताई, उद्या तुमच्याकडं काय बिघडला ना, तर सगला माझ्यावरच येल."

"काय बिघडनार? डीजे बंद परंल. परला तर बराच हाय," मी म्हटलं. ती हसली. मला मात्र ते हसू ऐकवलं नाही. माणसानं लग्नाला असं भीत भीत यावं, याचा मला संताप आला.

हळदीच्या सकाळी बाबांनी मला बजावलं, "आज तू डॉक्टर नाय. करवली हाय. नीट नेस आनि मिरव." मी नेसले. मेंदीखाली शाई लपली होती, डोक्यात गजरा होता. मांडवात धवलारीण धवले म्हणत होती. आमच्यात लग्नाच्या विधीला ही म्हातारी गाणारी बाई लागतेच, आणि आमच्या गावच्या धवलारणीपुढे तर भटजीही जपून बोलतो. मी थोडा वेळ मिरवलेही. पण मागच्या परसात बोकड सोलून झाल्याचा आवाज मला कळतो. तो कानावर आला आणि पाय आपोआप तिकडे वळले.

काका परात घेऊन निघाले होते. केळीच्या पानावर कलेजी. बाबा त्यांच्या मागे, नव्या पांढऱ्या कपड्यांत. त्यांच्याही मागे कुत्रा, तोंडाला लाळ सुटलेली, आपला मान घ्यायला तयार. मी फक्त बघणार होते, खरंच. पण पान जरा सरकलं आणि कडेला पांढरं काहीतरी दिसलं. माझा अंगठा पुढे गेला. टणक. शेजारी आणखी एक. उलटून बघितलं तर खालच्या अंगाला लिंबाएवढा.

"बाबा, ही कलेजी देवाला नको. आनि कुत्र्याला तर नकोच नको."

"काय झाला?"

"फोड हायेत. बघा."

काकांनी वाकून बघितलं. मग त्यांनी मान वर केली आणि मांडवापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मी बोललू व्हतू. देवाच्या बोकराला असा कवा झाला नाय आपल्या घरान. पोरगी अजून दारान आली नाय तर ह्यो पायगुन."

धवले थांबले. वाटण करणाऱ्या बायका थांबल्या. आईनं पदर तोंडाला लावला. माझ्या डोळ्यांसमोर पेणच्या बाजूला कुठेतरी हातभर हिरव्या बांगड्या भरून बसलेली ती मुलगी आली. हे एक वाक्य उद्या तिच्याआधी आमच्या उंबऱ्यावर येऊन बसणार होतं आणि ती म्हातारी होईपर्यंत उठणार नव्हतं. मला असा राग आला की करवलीपण गेलं उडत.

"काका, ह्यो लिंबाएवरा फोड बघा. ह्यो एका महिन्यान वारत नाय. ह्याला वर्सं लागतात. तवा ही सोयरीक व्हती का? त्या पोरीचा नाव तरी ठावा व्हता का तुमाला?"

काका हरलेले नव्हते. "मंग कुनामुलं झाला? सांग. डॉक्टर हायेस ना?"

आता सगळे माझ्याकडे बघत होते. मला उत्तर माहीत होतं. ते बाबांच्या पायाशी बसून शेपटीनं धूळ झाडत होतं. भरल्या मांडवात, सगळ्या भावकीसमोर, मुलाच्या हळदीच्या दिवशी मी बापाच्या लाडक्या कुत्र्यावर बोट ठेवणार होते. म्हणजे बापावरच. चाऱ्यातून आलं असेल, पाण्यातून आलं असेल, असं काहीतरी मोघम बोलून सुटता आलं असतं. पण मोघम बोलले असते तर काकांनी ती रिकामी जागा पुन्हा त्या मुलीनंच भरली असती.

"कुत्र्यामुलं," मी म्हटलं.

काकांना हसू फुटलं. दोघंतिघं हसलेही. मी मात्र बाबांकडे बघत सांगत सुटले. कत्तलखान्यात नव्या खाटकाला सांगते तसंच. आधीच्या कलेज्यांतले बारके फोड कुणाच्या नजरेत आले नसतील, ते कच्चे कुत्र्यानं खाल्ले की काय होतं, मग गवतावर काय पडतं, एकाच भांड्यातलं पाणी प्यायलं की बोकडाला काय होतं. माणसाला काय होतं तेही. बशीचं नाव घेतलं नाही, पण बाबांना ते न घेताही ऐकू आलं असावं. त्यांनी कुत्र्याकडे बघितलं. कुत्र्यानं त्यांच्याकडे बघून आशेनं जीभ फिरवली.

 बाबांनी काकांच्या हातातली परात स्वतःकडे घेतली.

"मीच चारला," ते म्हणाले. "दर हलदीला मीच चारला, ह्या हातान. पोरीनी गोल्या आनल्या त्याही दिल्या नाय. चूक माजी हाय. नवरीचा नाव कोनी घ्यावाचा नाय. ज्याला बोलावाचा हाय त्यांनी मना बोलावा."

 बाबांना बोलायची कुणाची टाप नव्हती. पण देवाचं काय, हा प्रश्न अजून परातीत होता. तो धवलारणीनं सोडवला. गुडघ्यावर हात टेकत ती उठली, परसात आली आणि मला विचारलं, "बाय, बोकराचा चांगला काय उरला?"

मी पदर खोचला. फुप्फुसांत एक फोड होता, तीही बाजूला काढली. हृदय साफ. गुर्दे साफ. मुंडी बघितली, जबडा बघितला, जीभ बघितली. गजरा सुटून खांद्यावर आला, नव्या शालूच्या काठाला रक्त लागलं आणि आईच्या तोंडून अस्फुट "अगो" निघालं.

"मुंडी साफ हाय. आनि मटन झ्याक हाय."

"मंग देवाला मुंडी," धवलारीण म्हणाली. "देवाला काय, त्यांनीच दिली बोकराला. कलेजी जमिनीला द्या." आणि मांडवात परत जाताना वाटेतच तिनं धवला जिथे सोडला होता तिथून पुन्हा उचलला.

कलेजी पुरायला वाडीच्या टोकाला खड्डा खणायचा ठरला. मी म्हटलं, खोल हवा, आमची पुळणीची माती, कुत्रा हां हां म्हणता उकरतो. बाबा स्वतः खणायला लागले. नव्या कपड्यांनिशी. घराला रंग देताना उरलेली चुनकळी वरून टाकली, माती लोटली, मोठे दगड ठेवले. तरी कुत्रा तिथून हलेना. दगडांभोवती हुंगत फिरायला लागला. मग बाबांनी मांडवातली एक प्लास्टिकची खुर्ची मागवली, बरोबर दगडांवर मांडली आणि हातात काठी घेऊन तिच्यावर बसले.

आणि बसूनच राहिले. डीजे सुरू झाला, पाहुणे आले, नवऱ्याचा बाप कुठाय म्हणून शोध सुरू झाला. लोक वाडीत जाऊन त्यांच्या तोंडाला हळद लावून येत होते. दरवर्षी भावकीच्या हळदीला सगळ्यात शेवटी नाच थांबवणारा माणूस, स्वतःच्या मुलाच्या हळदीला वाडीत खुर्ची टाकून बसला होता. समोर कुत्रा, दोन पायांवर तोंड ठेवून रुसलेला. मी फडताळावरच्या गोळ्या आणल्या. मुदत बघितली, अजून संपलेली नव्हती. एक सुक्या बोंबलात घालून दिली. कुत्र्यानं बोंबील खाल्ला आणि गोळी माझ्या पायाशी आणून ठेवली. पुन्हा दिली, पुन्हा तेच. बाबांनी गोळी माझ्या हातातून घेतली, कुत्र्याचं तोंड उघडून जिभेच्या मागे सारली, गळा चोळला, आणि झालं.

"आता थोरे दिवस त्याची घान उचलून जालावी लागंल," मी सांगितलं.

"कोनी?"

"ज्यांनी चारला त्यांनी."

त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "आनि मना?" आवाज एकदम लहान होता. मी सांगितलं, लग्न झालं की अलिबागला जाऊन पोटाची सोनोग्राफी करून घेऊ. बहुतेक काही नसेल. ते "बरा" म्हणाले. मी गोळ्यांचं पाकीट उगाच पुन्हा पुन्हा वाचत राहिले. सोनोग्राफीत काही निघालं नाही, पण ते नंतर. त्या दुपारी ते आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं.

ऊन उतरल्यावर मी त्यांच्यासाठी ताट वाढून घेऊन गेले. मटण, तांदळाची भाकरी. ताट दगडावर ठेवते तोच माझा फोन वाजला. तिचा होता. ताई, सगळं नीट झालं ना, असं ती विचारत होती, आणि मी काय सांगावं याचा विचार करत होते, तेवढ्यात बाबांनी हात पुढे केला.

"दे इकरं." त्यांनी फोन कानाला धरला. होणारी सून, लग्नाआधी सासऱ्याशी काय बोलणार? 

"बाय, मी बोलतंय. आइक. देवाचा बोकर खराब निंगाला. उद्या तुना कोनतरी सांगल, म्हनून मीच सांगतंय. चूक आमची हाय. तुझी नाय. तू उद्या खुशाल ये."

 बाबांनी थोडं ऐकलं, "हां" म्हणाले आणि फोन मला परत दिला. मग वाडीतल्या नळावर गेले. साबण मागून घेतला. कोपरापर्यंत हात धुतले, नखं घासली, पुन्हा धुतले. कुत्रा त्यांच्या जागेवर जाऊ नये म्हणून तेवढा वेळ करवलीच्या शालूत मी खुर्चीवर बसले.

परत येऊन त्यांनी ताट मांडीवर घेतलं. भाकरीचा तुकडा मोडला, रश्श्यापर्यंत नेला आणि थांबले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, उत्तराची वाट बघत.

"तू बगितलास?"

"बगितला, बाबा."

मग ते जेवले.